गवासरांचा बेमुदत संप

एका जंगलात झाडं कमी आणि विद्वान फार झाले, म्हणून मोठ्यांनी तिथे विद्यापीठ काढलं. मुलांनो, हसू नका. मोठे जे करतात ते विचार करूनच करतात.

विद्यापीठात दोन तऱ्हेचे शिक्षक होते. कायमचे आणि तासिकेवरचे. कायमच्यांना शिकवलं तरी खाणं मिळे, नाही शिकवलं तरी मिळे. तासिकेवरच्यांना जेवढे तास, तेवढंच खाणं. सुट्टीत उपास.

उल्का नावाचं मुंगूस तासिकेवर होतं. ती सर्पशास्त्र शिकवायची. शिवाय विभागप्रमुख गव्याचे, म्हणजे गवासरांचे, तासही तीच घ्यायची. "बाळ, आज जरा बैठक आहे," असं सर म्हणत. बैठक रोज असे.

त्या वर्षी नव्या कराराची बोलणी सुरू झाली. तासिकेवाल्यांना सुट्टीत खाणं द्यायला कुलगुरू अस्वलाने साफ नकार दिला. मागचा उन्हाळा उल्काने वाळवी चाटून काढला होता. यंदा बिळात पिल्लं होती.

मग शिक्षक संघाची सभा झाली. अध्यक्ष गवासरच. अर्धी सभा पाहुण्यांच्या सत्कारात गेली. पाहुणे कोणी आले नव्हते, म्हणून ज्येष्ठांनी एकमेकांचेच सत्कार केले. शेवटी सरांनी शिंगं उंचावून तासिकेवाल्यांसाठी बेमुदत संप जाहीर केला. उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अजून भोळी होती.

सभेनंतर सरांनी तिला बाजूला घेतलं. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये, असं सगळ्या ज्येष्ठांचं मत पडलं होतं. तेव्हा ज्येष्ठांनी वडाखाली संपावर बसावं आणि तासिकेवाल्यांनी तास चालू ठेवावेत, असं ठरलं होतं.

"मग बंद काय राहणार, सर?" उल्काने विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाळ. आम्ही तत्त्वासाठी बसतोय."

"बसलेले तर तुम्ही एरवीही असता. उद्या आम्ही बसतो. तुम्ही शिकवा."

दुसऱ्या दिवशी तासिकेवाले खरंच बसले आणि अख्खं विद्यापीठ बंद पडलं. इतक्या शांततेने अस्वलाची झोप मोडली. ते डोळे चोळत पाहायला निघालं, तसे गवासर धावतपळत आपल्या वर्गात शिरले.

पहिल्या बाकावरच्या सशाने अदबीने विचारलं, "काका, कोणाला भेटायचंय?"

सरांना घाम फुटला. हे अस्वलाच्या कानावर गेलं असतं, तर कायमचं खाणं कायमचं गेलं असतं. त्यांनी दारातच अस्वलाला गाठलं आणि करार मान्य करून टाकला. ज्येष्ठांना नदीकाठचं कुरण मिळालं. तासिकेवाल्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार होईल, असं ठरलं. संघाची शिस्त मोडली म्हणून उल्काला काढलं. बाकीचे मान खाली घालून वर्गात गेले.

सर्पशास्त्राला आता शिक्षक हवा होता. नाग आला. विषयाची जाण उत्तम. खाण्याचं विचारलं तर म्हणाला, "त्याची काळजी नको, मी वर्गातच भागवीन." इतका निःस्वार्थी तरुण गवासरांनी पूर्वी पाहिला नव्हता.

सत्र संपेपर्यंत वर्गात ऐसपैस जागा झाली. एका शिक्षकामागे इतके कमी विद्यार्थी दुसऱ्या कुठल्याच जंगलात नाहीत, असं अस्वलाने तपासणी समितीला अभिमानाने सांगितलं. समितीने सर्वांत वरची श्रेणी दिली.

तात्पर्य: मुलांनो, संप मोठ्यांनाच करू द्यावा, कारण त्यांच्या संपाने काहीही बंद पडत नाही. ज्यांच्या थांबण्याने सगळं थांबतं, त्यांनी कधी थांबू नये. शिकवतं कोण, हे उगाच सगळ्यांना कळतं.