संगाप्पामामांची तोफ

संगाप्पामामांच्या घराला पुढची भिंत नव्हती, पण तोफ होती. तोफेसाठीच भिंत पाडली होती, असं सांगितलं तर कुणाला पटत नाही. मी त्यांची शेजारीण. पाडताना उडालेली माती माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर बसली होती, म्हणून मला पटतं.

मी लग्न होऊन अणदूरला आले तेव्हा मामा साठीचे असतील. बाजारात गूळ-फुटाणे विकायचे. बायको जाऊन जमाना झालेला, लेकरूबाळ नाही. घरात दोन पातेली, एक घोंगडी आणि कपाळाला लावायची विभूती. चोरालाच कीव यावी, असं ते घर. पण मामांना एकच घोर. "बंदोबस्त पायजे, अव्वा," ते मला म्हणायचे. लेकीला म्हणावं तसं अव्वा म्हणायचे.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. रोज नवी आवई यायची. अमुक गाव लुटलं, तमुक गाव जाळलं. लोकांनी काठ्या-गोफणी काढून ठेवल्या. मामांना त्यातलं काही पसंत पडेना.

"बेड, बेड," ते म्हणायचे. बेड म्हणजे नको. नकार मामा नेहमी कानडीतच द्यायचे. "काठी मारायची तर मानूस जवळ यावा लागतोय. जवळ आल्यावर म्या मारंन का पळंन?"

कुणाची तरी तलवार आणली, तर ती उचलताना खांदा धरला. मग बंदुकीच्या परवान्यासाठी कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, "घरात राखण्यासारखं आहे काय?" मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "म्या." परवाना मिळाला नाही.

आणि एका सकाळी बैलांच्या चार जोड्या आळीत शिरल्या. मागं गाड्यावर तोफ. चांगली म्हशीएवढी. एका पडक्या गढीच्या मालकानं, वाटेतली अडचण जाते तर जाऊ दे म्हणून, फुकटात दिलेली. ती दारातून आत जाईना. मामांनी दार काढलं, चौकट काढली, शेवटी भिंतच काढली.

मी म्हटलं, "मामा, आता तर कुणीबी आत येईल की!"

"येऊ दे. आल्या आल्या तोफ दिसंल न्हवं?"

"तिचं तोंड माझ्या चुलीकडं हाय."

"भरल्याली न्हाय, अव्वा. दारू कुठं मिळतीय?"

"मग उपयोग काय हिचा?"

"दारू न्हाय, हे लुटणाऱ्याला कुठं ठावं?"

पण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. लोकांनी घाबरू नये म्हणून मामांनीच घरोघर जाऊन सांगितलं होतं.

बातमी ठाण्यावर गेली. अमीन, म्हणजे तिथला फौजदार, चौकशीला आला. त्यानं तोफेच्या तोंडात हात घातला, तशी चार दिवस हरवलेली माझी कोंबडी फडफडत बाहेर आली. मागोमाग अंडी निघाली. "बुढ्ढे, इसमें से गोला निकलता की अंडा?" म्हणत अमीन पोट धरून हसला. अंडी रुमालात बांधून निघून गेला.

पुढं मात्र हसणं संपलं. एके दिवशी शेजारच्या गावातून खरंच धूर दिसला. आमची आठ घरांची आळी सरहद्दीपलीकडं, सोलापूरकडं निघाली. मला सहावा महिना होता. गाडीत बसताना मी म्हटलं, "मामा, चला."

"बेड. तुमच्या घरांकडं कोन बघंल?"

"त्या लोखंडापायी जीव जाईल तुमचा!" मी रागानं म्हटलं. त्यांनी गाडीत माझ्या पायाशी गुळाची ढेप ठेवली आणि बैलांना हात लावून बाजूला झाले.

राज्य बदललं, मग आम्ही परतलो. माझ्या खांद्यावर तान्ही लेक. आळीतलं एकही घर फुटलं नव्हतं. मामांच्या तोफेवर घोंगडी वाळत होती.

गावातच राहिलेली एक म्हातारी वेशीपासून आमच्याबरोबर चालत आली होती. तिनं सांगितलं, "रोज आठीच्या आठी घरांत चुली पेटवायचा गं त्यो. धूर दिसावा म्हनून. आन् वसरीवर बसून तुमची नावं घेत हाका मारायचा, बाळप्पा, कुऱ्हाडी काढ! रखमा, पानी आन! एकदा लुटनारे पार आळीच्या तोंडाशी आले हुते. आत लई मानसं हायती वाटून माघारी गेले."

रखमा म्हणजे मी.

मी घराकडं वळले. माझ्याच ओसरीवर मामा पाठमोरे बसले होते. आधीच वाळलेला माणूस, अर्धा झाला होता. आम्ही आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

"रखमा, पानी आन!" ते मोठ्यानं ओरडले.

"आणते, मामा," मी म्हटलं.

त्यांनी लगेच मागं पाहिलं नाही. हात गुडघ्यावर तसेच राहिले. मी लेकीला ओसरीवर ठेवलं, तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"इतक्या दिसांत कुनी ओ दिली न्हवती," ते म्हणाले. मग खाली बघत, हळूच, "अजून एकदा म्हन की, अव्वा."