कृपया काही आवरू नका

'घरकामात असतं काय एवढं' हे वाक्य जगात ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याने मिक्सरच्या पात्याखाली अडकलेली चटणी आयुष्यात एकदाही काढलेली नाही, असा माझा जाहीर आरोप आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर पत्र लिहिलं असतं. (मी पत्रं लिहितो. फुटपाथ या विषयावर अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावाच्या सिटी कौन्सिलला माझी चार पत्रं गेली आहेत. उत्तर एकाचं आलं, तेही 'मिळालं' एवढंच.)

घरकाम माणसाचा वेळ आणि बुद्धी खातं, त्यातही बाईची जास्त, आणि तंत्रज्ञानाने हा अन्याय ताबडतोब संपवला पाहिजे, असं माझं कॉलेजपासूनचं ठाम मत आहे. हे मत मी बहुतेक वेळा सोफ्यावर बसून मांडतो.

ऐकायला एकटी अंतरा असते. अंतरा म्हणजे माझी बायको, सांगलीची डेंटिस्ट. इथे कुणाच्या दाताला हात लावायचा तर इथली परीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला ती थोडक्यात हुकली, आणि त्याला कारण अभ्यास नव्हता, आमचं सिंक होतं. आता दुसरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. "या वेळी घर माझ्याकडे. तू फक्त अभ्यास कर," असा शब्द मी तिला दिला होता. अगदी मनापासून दिला होता. पण भांडी मनापासून घासून होत नाहीत, ती हाताने घासावी लागतात. (डिशवॉशर आहे. त्यात आम्ही धुतलेली भांडी निथळत ठेवतो.)

अशातच एका रविवारी मी एक फॉर्म भरला.

एक नवी कंपनी घरकाम करणारा रोबो बनवत होती. भांडी उचलायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या, जमिनीवरचं जागच्या जागी ठेवायचं. चाचणीसाठी त्यांना आमच्या भागातली सहा घरं हवी होती. सहा महिने रोबो फुकट. 'तुम्हाला रोबो का हवा?' या प्रश्नाला शंभर शब्दांची मर्यादा होती, म्हणून मी फॉर्म तीनदा भरला.

मंगळवारी मेल आला. शनिवारी अकरा वाजता रोबो बनवणाऱ्या टीममधले दोघं घर बघायला येणार होते. पसंत पडलं तर सोमवारी रोबो हजर. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया काही आवरू नका. घर रोज असतं तसंच असू द्या.'

"मग आवरू नकोस," पुस्तकातून डोकं वर न काढता अंतरा म्हणाली. "पहिल्यांदाच कुणीतरी तुला जमेल असं काम सांगितलंय."

मला मात्र शंका आली. शंका आली की मी शेजारच्या विनीता काकूंकडे जातो. काकू रिटायर्ड डॉक्टर आहेत. चाळीस वर्षं त्यांनी पेशंटना भूल दिली, त्यामुळे समोरचा माणूस उलट बोलेल ही शक्यता त्यांच्या हिशेबातच नसते.

"आवरू नका असं लिहिलंय?" काकू हसल्या. "अरे, आपण नाही का म्हणत, काही करू नका हं, उभ्या उभ्या येऊन जातोय. म्हणून काय कुणी नुसतं पाणी पुढे करतं?"

"पण काकू, हे अमेरिकन लोक आहेत."

"मग? मी किती वर्षं बघतेय. 'काही आणू नका' म्हणतात, आणि रिकाम्या हाताने गेलं की आधी हाताकडे बघतात."

हा पुरावा मला निर्णायक वाटला.

"आणि असं बघ सौमित्र," काकू म्हणाल्या, "रोबो द्यायचा म्हणजे मुलगी देण्यासारखंच आहे. घर बघूनच देणार ना?"

मी गुरुवार-शुक्रवार रजा टाकली.

त्या दोन दिवसांत मी जे केलं ते मानवजातीने एकदा तरी करून बघावं. बेडरूममधल्या खुर्चीवरचे कपडे उपसल्यावर ती खुर्ची निळी आहे हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी समजलं. मी गॅसचे बर्नर उकळले. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या धुतल्या. चहाच्या गाळणीतून पलीकडचं दिसायला लागलं. दुपारी एक वाजता अंतरा बाहेर आली तर टेबलावर वरणभात, कोशिंबीर आणि पापड.

"तुला बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

"शनिवारची तयारी."

माझा विचार बदलायच्या आत ती ताट घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थोडा पसारा उरलाच. चार करपलेल्या कढया मी ओव्हनमध्ये ठेवल्या आणि कपड्यांचे दोन ढीग बाथटबमध्ये टाकून पडदा ओढला. (पाहुणे ओव्हन उघडत नाहीत आणि आंघोळ करत नाहीत, एवढं मलाही कळतं.)

शनिवारी बरोबर अकराला बेल वाजली. एक क्लेअर नावाच्या बाई होत्या, आणि त्यांच्याबरोबर तरुण इंजिनिअर, कुश साने. आडनाव ऐकून मी हर्षाने "या, या, बसा" म्हणालो. तो "हाय, थँक्स" म्हणाला. इथेच जन्मलेला दिसत होता.

क्लेअरने टॅब्लेट काढला. "रोजची भांडी कुठे साठतात?"

"साठत नाहीत," मी म्हणालो.

"कपड्यांचा ढीग?"

"ढीग हा प्रकार आमच्याकडे नाही."

"जमिनीवर साधारण काय पडलेलं असतं?"

"ऊन."

प्रत्येक उत्तराला ती काहीतरी लिहीत होती. माझे मार्क वाढत होते. पंधरा मिनिटांत तिने टॅब्लेट मिटला.

"घर सुंदर आहे," ती म्हणाली, "पण आमच्या रोबोला इथे कामच नाही. त्याला आम्हाला पसारा शिकवायचाय. सॉरी. मेलमध्ये लिहिलं होतं आम्ही."

"ते तुम्ही खरंच लिहिलं होतं?" मी विचारलं.

क्लेअरने कुशकडे बघितलं. कुशने खिडकीकडे.

माझ्या डोळ्यांपुढे उरलेले दोन आठवडे उभे राहिले. परीक्षा, अंतरा आणि सिंक. "मला दहा मिनिटं द्या," मी म्हणालो.

ओव्हनमधल्या कढया मी सिंकमध्ये आणल्या. बाथटबमधले कपडे कवेत घेऊन आलो आणि निळी खुर्ची दिवाणखान्यात ओढून तिच्यावर ओतले. मोजे फेकले. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि एक मोजा जरा सोफ्याच्या बाजूला सरकवला.

"हे तुम्ही आत्ता मांडलंत," क्लेअर हळू आवाजात म्हणाली. "आम्हाला खरा पसारा लागतो."

"खराच आहे. कालपासून फक्त बाथटबमध्ये होता."

तेवढ्यात अभ्यासाच्या खोलीचं दार उघडलं. अंतराला समोर दोन पाहुणे उभे दिसले, आणि मध्यभागी दोन्ही हातांत मोजे घेतलेला मी.

"सौमित्र, लोकांसमोर हे काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. रागात होतो, त्यामुळे मराठीत आणि पटकन.

"म्हणजे रोबो नाही," ती म्हणाली.

"नाही."

ती खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसली. मग क्लेअरकडे वळली. "तुम्ही पुढच्या शनिवारी परत येऊ शकाल का?"

"आम्हाला खरंच तुम्हाला रोबो देता येणार नाही," क्लेअर म्हणाली.

"रोबो नको. तुम्ही दोघंच या. या दोन दिवसांत माझे सात चॅप्टर्स झाले. आख्ख्या गेल्या महिन्यात तीन झाले होते."

मी मोज्यांकडे बघत राहिलो. माझ्या मते हा विषय तंत्रज्ञानाकडून भलतीकडेच चालला होता.

क्लेअरने मनापासून दिलगिरी व्यक्त केली. महिनाभर त्यांचे सगळे शनिवार इतर घरांना दिलेले होते. ती बाहेर पडून गाडीकडे गेली. कुश दारात बुटांच्या नाड्या बांधत बसला होता. तो उठला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच मराठीत बोलला, तेही अंतराशी.

"ताई, यायला कशाला पाहिजे? माझी आई दर गुरुवारी बाबांना सांगते, सॅटर्डेला सरपोतदार येणारेत. बाबा लगेच आवरायला घेतात. मी चोवीस वर्षांचा आहे. सरपोतदारांना मी अजून एकदाही बघितलं नाहीये."