एल्डरप्पा

सोलापूरच्या उन्हाळ्यात पुरुषांनी अंगात बनियन ठेवला तरी घरच्या बायका ते उपकार समजतात. त्या उन्हात आमचा भाडेकरू नळावर पाणी भरायला टाय लावून जायचा. पांढरा शर्ट, काळा टाय आणि खांद्यावर घागर. पाणी हिंदकळून टाय भिजू नये म्हणून त्याचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचलेलं. नळावरच्या बायका त्याला कौतुकानं पुढं सोडायच्या. तो पुढं जायचा नाही. "काही हरकत नाही," म्हणायचा आणि रांगेत उभा राहायचा.

हे एक वाक्य आलं की मराठी आलं, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. अंगावर कुत्रं धावून आलं, हरकत नाही. वाळत घातलेल्या शर्टाची बाही शेळीनं खाल्ली, हरकत नाही. उरलेली बाही दुमडून तो शर्ट त्यानं महिनाभर वापरला.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. पोरगा अमेरिकेचा, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा धर्मप्रचारक, वय वर्षं एकोणीस. त्या पंथातली तरुण पोरं दोन वर्षं घर सोडतात आणि सांगतील त्या गावी जोडीजोडीनं दारोदार फिरतात. त्यांना म्हणतात एल्डर, म्हणजे ज्येष्ठ. आमच्या ज्येष्ठाला अजून नीट मिशी फुटली नव्हती. गल्लीत मल्लप्पा होते, सिद्धप्पा होते, तसा हा एल्डरप्पा झाला. त्याच्या उंच जोडीदाराला सगळे नुसतंच 'दुसरा' म्हणायचे.

आमचं घर लिंगायताचं. घरदार सोडून गावोगाव फिरणारा, बिनलग्नाचा, दारूच काय चहासुद्धा न पिणारा पुरुष दारात आला की तो जंगम, म्हणजे आमचा स्वामी, असा माझ्या सासूचा, अव्वाचा, साधा हिशेब. जंगम घरी आला की त्याचे पाय धुवायचे. पहिल्याच दिवशी तिनं हुकूम सोडला, "महानंदा, तांब्या आण गं. स्वामी आल्यात."

एल्डरप्पा बुटांसकट पाटावर उभा राहिला. अव्वानं डोळे मिटून पाणी ओतलं. बूट भरले. "काही हरकत नाही," स्वामी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःचा तांब्या घेऊन आला आणि ज्वारी निवडत बसलेल्या अव्वाच्या पायांवर त्यानं भडाभडा पाणी ओतलं. या घरची रीत आहे, आपणही परत करायला हवी, असं त्याला वाटलं. "अय्यय्यो शिवा!" करत अव्वा स्वयंपाकघरात पळाली. जंगमानं आपले पाय धुवायचे म्हणजे केवढं पाप! ते फेडायला तिनं त्या दोघांना पुरणपोळ्या जेवू घातल्या. पोळ्या खाऊन तो पुन्हा तांब्या शोधायला लागला, तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं.

धर्मप्रचारात त्याला सोलापूरकरांनी पार हरवलं. भांडून नव्हे, हो म्हणून. तो दारात उभा राहून पाठ केलेलं मराठी सुरू करायचा की घरमालक सतरंजी टाकायचा. "देव एकच आहे," एल्डरप्पा म्हणायचा. "व्हय की! आमी तरी काय येगळं म्हणतो?" असं म्हणत मालक त्याच्यापुढं भाकरी आणि शेंगाची चटणी सरकवायचा. त्यानं दिलेलं येशूचं चित्र लोक आनंदानं देव्हाऱ्यात ठेवायचे. कुणीही नाही म्हटलं नाही आणि कुणीही त्याच्या पंथात गेलं नाही.

आता थोडं त्या काळातल्या महानंदाबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल. वय बावीस, नवीन लग्न, बी.ए. विथ इंग्लिश. तो विथ इंग्लिश तिच्या नाकावर बसलेला असायचा. अव्वासमोर मुद्दाम 'अ‍ॅक्च्युअली' म्हणायची. एल्डरप्पाला दिवसातून तीनदा 'हाऊ डू यू डू' विचारायची आणि उत्तर येईपर्यंत वाट अडवून उभी राहायची. बिचारा तीनदा उत्तर द्यायचा.

उन्हाळा लागता लागता 'दुसऱ्या'ला कावीळ झाली आणि त्याला मुंबईला नेलं. त्यानंतर एल्डरप्पा आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागला. पुस्तक हातात, नजर वर. मी मनात म्हटलं, माझ्या इंग्रजीची ओढ. मग मी ठेवणीतली इरकल काढली, पावडर लावली आणि हवामानावर तयारी करून आले. मी आले की तो पाटी उचलून अव्वाच्या शेजारी ज्वारी निवडायला सरकायचा. मला वाटलं, लाजतोय.

शेवटी ह्यांनीच उलगडा केला. त्यांच्या पंथाचा कडक नियम होता. एल्डरनं कधी एकटं राहायचं नाही, जोडीदार नजरेसमोर पाहिजे. दुसरा नियम त्याहून कडक. बाईमाणसाबरोबर एकांतात बसायचं नाही. मुंबईच्या त्यांच्या साहेबांची तार आली होती. शनिवारी नवीन जोडीदार घेऊन येतो, तोवर कुणातरी भल्या माणसाच्या सोबत राहा, ते जमत नसेल तर सोलापूर सोडून ये.

"म्हणजे तो माझ्यासाठी..."

"तुझ्यापास्नं बचाव म्हणून अव्वाकडं जातो," हे म्हणाले आणि दुकानात गेले. पावडरचा डबा मी फडताळात मागं सरकवला.

एल्डरप्पाला सोलापूर सोडायचं नव्हतं. एकदा अव्वानं विचारलं तेव्हा त्यानं अडखळत सांगितलं. आधीच्या गावात त्याला करमलं नाही, म्हणून त्यानं स्वतः मागून बदली घेतली होती. "इथून पण गेलो, तर मग घरीच जाईन. आईला काय सांगू?"

"कुटं जात न्हाईस," अव्वा म्हणाली. "हितं काय मानसं कमी हायत व्हय?"

मग घरानं त्याची सोबत वाटून घेतली. सकाळी तो अव्वाच्या जात्याजवळ, दुपारी ह्यांच्या भुसार दुकानात पोत्यावर, संध्याकाळी समोरच्या इरप्पाकाकांच्या कट्ट्यावर. गल्लीत एवढी राखण कुणाच्या सोन्याचीही झाली नसेल.

गुरुवारी अक्कलकोटला ह्यांच्या चुलतभावाचं लग्न होतं. आम्ही सगळेच निघालो. एल्डरप्पालाही बोलावलं, पण परवानगीशिवाय त्याला गावाची हद्द ओलांडता येत नव्हती. इरप्पाकाका दिवसभर त्याच्याजवळ बसणार असं ठरलं. "जा, काही हरकत नाही," तो म्हणाला.

स्टँडवर अव्वाच्या लक्षात आलं की आहेराचं लुगडं पलंगावरच राहिलं. "बी.ए. झालीस न्हवं? येवढं ध्यानात र्‍हाईना व्हय? पळ, मागच्या गाडीनं ये!"

मी टांग्यानं परत येऊन लुगडं उचललं. इरप्पाकाकांच्या दाराला कुलूप. होटगीहून बहीण आजारी असल्याचा निरोप आला आणि काका तसेच निघून गेले, असं शेजारणीनं सांगितलं. एल्डरप्पाच्या खोलीत कुणी नाही. मला वाटलं, गेला मुंबईला.

तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला. आमचा गोठा घराला लागून, दार रस्त्यावर, खाली दोन पायऱ्या. आत आमची म्हैस होती. तिला अव्वाच्या कानडीशिवाय कुणाचं काही कळत नसे. तिच्यापुढं एल्डरप्पा पालथ्या बादलीवर बसला होता. एकटं राहायचं नाही म्हणून घरात राहिलेल्या एकुलत्या एका जिवाजवळ जाऊन बसलेला. तो तिला इंग्रजीतून त्याच्या घरच्या गाईंची नावं सांगत होता. मग लांब हेल काढून त्यानं हाक मारली, संध्याकाळी रानातून गुरं परत बोलवायची तशी. एकदा मारली, पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती हाक मधेच तुटली आणि आतून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

माझ्या तोंडात इंग्रजीची चांगली चार वाक्यं तयार होती.

आत जावं तर त्याचा दुसरा नियम मोडतो. निघून जावं तर पहिला. मी आहेराचं लुगडं मांडीवर घेऊन गोठ्याच्या खालच्या पायरीवर, भर रस्त्यावर बसले, दाराकडं पाठ करून. माझा पदर त्याला दिसेल अशी बसले आणि एकदा खाकरले. आतलं नाक ओढणं थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. मी मागं बघितलं नाही.

"का गं महानंदा, लग्नाला न्हाई गेलीस?" नळावरून येणारी एकेक बाई विचारायची.

"बस चुकली."

"मग उनात का बसलीस?"

"घरात उकडतंय," मी म्हणाले. ऊन उतरेपर्यंत तिघीचौघींनी मला वेड्यात काढलं. अव्वा परत आल्यावर आहेरावरून जे बोलली, ते लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी साहेब आले, नवीन पोराला घेऊन. नव्या पोराची ट्रंक टांग्यातच होती. एल्डरप्पा खोटं बोलणारा नव्हता. काका गेल्यापासून मी येईपर्यंत एकटाच होतो, असं त्यानं सरळ सांगितलं. रडलो, हेही सांगितलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या. ते माझ्याकडं वळले. "मग नंतर तुम्ही दोघं बरोबर होता?"

"नाही सर," मी माझ्या बी.ए.च्या इंग्रजीत म्हणाले. "तो आत म्हशीबरोबर होता. मी बाहेर रस्त्याबरोबर होते."

साहेबांनी गोठ्याची पायरी बघितली, समोरचा रस्ता बघितला. मग टांगेवाल्याला म्हणाले, "ट्रंक उतरवा."

साहेब मुक्कामाला गेले. नवीन पोरगं घामाघूम होऊन ट्रंकेवर बसलं. अव्वानं दुधाचा पेला पुढं केला, पोरानं तो घेतला आणि तसाच धरून ठेवला. नजर टांगा गेला त्या वाटेवर. एल्डरप्पानं ते बघितलं. त्यानं पोराच्या हातातला पेला काढून घेतला, त्याला दंडाला धरून गोठ्यात नेलं, बादली पालथी घालून दिली आणि एकटाच बाहेर येऊन पायरीवर बसला. दाराकडं पाठ करून.

"अरे, आत काय करतंय ते पोर?" अव्वा उठायला लागली.

"अव्वा, बसा," एल्डरप्पा हळूच म्हणाला. "त्याला थोडं काम आहे."