पंचवीस खोटे पेशंट

"सगळं तपासलंस ना?" बायकोने दारातच विचारलं.

"तीनदा," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने बुटाची नाडी चौथ्यांदा बांधली.

खरं तर त्याला आता कंपाउंडर म्हणणं बरोबर नव्हतं. बारा वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्यात दाराशी स्टुलावर बसून त्याने पेशंटना नंबर दिले, पुड्या बांधल्या, आणि सदतिसाव्या वर्षी एकाएकी जाहीर केलं की आपण मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकणार. सासरे म्हणाले, "या वयात माणसाने नवा चष्मा घ्यावा, नवा धंदा नाही." बायको मात्र म्हणाली, "एक वर्ष देते. नोकरी लागली तर ठीक, नाही तर मुकाट्याने स्टुलावर." ते वर्ष या महिनाअखेरीला संपत होतं. एकवीस कंपन्यांनी नकार कळवला होता. चौदा कंपन्यांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. डॉक्टरांनी अजून दुसरा माणूस ठेवला नव्हता आणि भेटतील तेव्हा ते प्रेमाने म्हणायचे, "तुझं स्टूल कुठे पळून जात नाही रे." हे ऐकलं की कंपाउंडर त्या रात्री पुन्हा लॅपटॉप उघडून बसायचा.

पण एका कंपनीच्या बाईंनी वेगळंच सांगितलं होतं. "अ‍ॅप मला बोलून दाखवू नका. चालताना दाखवा. मी येऊन बसते." म्हणून त्याने डॉक्टरांच्या हातापाया पडून परवानगी मिळवली होती. आजपासून पेशंट घरूनच फोनवर नंबर लावणार होते. डॉक्टरांनी आत 'पुढचा' दाबलं की बाहेर भिंतीवरच्या पडद्यावर नंबर आणि नाव उमटणार, घंटा वाजणार, आणि ज्याचा नंबर तो आत जाणार. साधं काम. बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि याचीच त्याला जास्त धास्ती होती.

नऊ वाजता वीसेक माणसं बाकांवर बसली होती. कंपनीच्या बाई वही घेऊन कोपऱ्यात बसल्या. डॉक्टरांनी बटण दाबलं. घंटा वाजली. पडद्यावर उमटलं: 'नंबर १. बरा आहे तरी खोकतो.'

कंपाउंडरने कपाळावर हात मारला.

त्याचं असं झालं होतं. अ‍ॅप चालतं की नाही हे बघायचं तर पेशंट हवेत. म्हणून त्याने पंचवीस खोटे पेशंट भरले होते. नावं सुचेनात, तेव्हा बारा वर्षांत स्टुलासमोरून गेलेली माणसं त्याने जशीच्या तशी उतरवली. दवाखाना उघडायच्या आधी ती काढून टाकायची होती. सगळं तीनदा तपासताना नेमकं हेच राहिलं, कारण महिनाभर रोज बघून बघून ते पंचवीस जण त्याला खरेच वाटायला लागले होते.

कोणी हललं नाही. मग बाकावरून खोकल्याची उबळ आली आणि सगळ्यांनी निवृत्त पोस्टमास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यांचा नंबर एकतीस होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"मीच दिसतोय हा," असं म्हणून ते शांतपणे आत गेले.

मास्तर बाहेर आल्यावर पुन्हा घंटा वाजली. 'नंबर २. सर्टिफिकेटपुरता आजारी.' एकदम दोघे उठले.

"तुम्ही कसे? गेल्या महिन्यात चार रजा मी काढल्यात," एक जण म्हणाला.

"मी सहा. तीही एकाच आजोबांच्या नावावर."

कंपाउंडर लॅपटॉपवर तुटून पडला. पण पुसायचं बटणच नव्हतं. ते त्यानेच ठेवलं नव्हतं. बारा वर्षं 'कंपाउंडर नंबर खातो' असं ऐकून घेतल्यावर त्याने निश्चय केला होता की आपल्या अ‍ॅपमध्ये कोणाचाही नंबर कोणालाही पुसता येणार नाही. आलेला नंबर दोन मिनिटं थांबणार, कोणी आलं नाही तरच पुढे सरकणार. आता पंचवीस माणसं त्याच्या प्रामाणिकपणामुळे अमर झाली होती.

'नंबर ३. रांग मोडते, वर दुसऱ्यांना शिस्त शिकवते.'

गाणं शिकवणाऱ्या बाईंनी पर्स काखेत मारली. "लिहिणाऱ्याला मी नंतर बघते," त्या म्हणाल्या, "पण नंबर तिसरा आहे ना? मग मी जाते."

इथून पुढे कोणाला राग यायचा बंदच झाला. सगळे टक लावून पडद्याकडे बघायला लागले, आपल्याला कुठला दोष लवकर आत नेतो ते. 'गोळी अर्धीच घेतो आणि उरलेली पाहुण्याला देतो' यावर चौघांनी हक्क सांगितला. 'स्वतःला काही नाही, सुनेच्या तक्रारी सांगायला येते' म्हटल्यावर दोन विहिणी हमरीतुमरीवर आल्या. कोपऱ्यातल्या बाई वहीत लिहीत होत्या. त्यांचं पेन चाललं की कंपाउंडर मान वळवून वहीत डोकावायला बघायचा.

शेवटी डॉक्टर दार उघडून बाहेर आले. "अरे, हे काय चाललंय? आत तिघे आलेत. तिघेही म्हणतात, आम्ही अर्धी गोळी."

तेवढ्यात घंटा वाजली. 'नंबर १९. लोकांना चालायला सांगतो, स्वतः एक जिना चढला की धापा टाकतो.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "हा कोण?"

पोस्टमास्तर औषध घेऊनही अजून तिथेच रेंगाळले होते. ते खोकले आणि म्हणाले, "डॉक्टर, हा तुमचा नंबर."

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बस स्टुलावर. माणसं आवर."

तो बसला. कागद फाडून त्याने चिठ्ठ्या केल्या, कोणाला दटावलं, कोणाला पाणी दिलं, विहिणींना दोन टोकांना बसवलं. पडद्यावरचे नंबर दोन-दोन मिनिटांनी आपोआप सरकत होते, पण दहा-बारा मिनिटांत सगळं सुतासारखं सरळ झालं. स्टूल अगदी बेतून केल्यासारखं अंगाला बसत होतं. वर्ष वाया गेलं, हे त्याला तेव्हा कळून चुकलं आणि त्याला रडू आलं. खिशात फोन थरथरला. बायकोचा निरोप होता: 'झालं का नीट?'

आणि मग त्याला पंचविसावा आठवला. पंचवीस भरताना शेवटी एक कमी पडला होता. तो उठून पडदा कशाने तरी झाकणार, इतक्यात घंटा वाजलीच.

'नंबर २५. सदतिसाव्या वर्षी धंदा बदलला. छातीत सतत धडधड. घरी सांगत नाही.'

गाण्याच्या बाईंनीसुद्धा मान खाली घातली. कंपाउंडरने तोंड उघडलं, पण कोपऱ्यातून आवाज आला.

"माझा नंबर आला वाटतं." कंपनीच्या बाई वही मिटून उठल्या. "डॉक्टर, अकरा वर्षं मी बालवाडीत शिकवायचे. एकोणचाळिसाव्या वर्षी या धंद्यात आले. ही धडधड थांबते का हो?"

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग आता नाही थांबायची. पाणी पीत जा."

बाई कंपाउंडरकडे वळल्या. "लोक एकदा उघडून विसरून जातात अशी अ‍ॅप मी रोज बघते. इथे तासभर कोणी पडद्यावरची नजर काढली नाही. आणि तुम्ही एकही माणूस चुकीचा लिहिला नाहीत. सोमवारी या. तोवर तेवढं पुसायचं बटण टाका."

"टाकतो," कंपाउंडर म्हणाला.

पुन्हा घंटा वाजली. नंबर सव्वीस. पडद्यावर आज पहिल्यांदाच एक साधंसुधं, खरं नाव उमटलं. खांबाआडून एक रंगारी उठला. आठ वाजल्यापासून तो तिथेच बसून होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मला खरंच ताप आहे," तो ओशाळून म्हणाला आणि झोकांडला.

"अरे धर त्याला," डॉक्टर म्हणाले. "आतल्या खुर्च्यांवर ते अर्धी गोळीवाले बसलेत. तुझं स्टूल दे."

कंपाउंडरने स्टूल उचलून आत नेऊन दिलं. बाहेर आला तेव्हा दाराशी फरशीवर फक्त स्टुलाच्या चार पायांचे ठसे उरले होते. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि बायकोला लिहू लागला: 'नोकरी लागली. एक सांगायचं राहिलंय. वर्षभर छातीत धडधडतंय.'

उत्तर लगेच आलं.

'माहीत आहे. मी शेजारीच झोपते.'