वगळलेलं पाडस

बसा बाळांनो, नीट मांडी घालून. एका जंगलात अजून पायवाट धड नव्हती, पण संशोधन केंद्र होतं. त्या जंगलात एक सायाळबाई राहायची.

तिचं काम टोचण्याचं. स्वतःचा गळालेला काटा घ्यायचा, त्याच्या पोकळीत लस भरायची आणि "तिकडे बघ, फुलपाखरू!" म्हणून टोचून मोकळं व्हायचं. मागच्या साली तापाची साथ आली, तेव्हा डोंगरावरच्या रानात तिनं टोचलेला एकही जीव दगावला नाही. याचा तिला अभिमान होता, पण ती तसं बोलायची नाही. ती फक्त रांगेत ढकलाढकली करणाऱ्यांवर ओरडायची.

यंदा साथ पुन्हा आली. सायाळबाईने ओढ्याचा अलीकडचा काठ दोन दिवसांत टोचून काढला. पलीकडे जायला निघाली, तर डॉक्टर पिंगळे आडवे आले.

डॉक्टर जातीचे पिंगळा. डोळे मोठे, त्यामुळे बसल्या जागी विद्वान दिसायचे. दूरदेशीच्या जंगलात शिकून आले होते. रक्ताच्या थेंबातली एकेक पेशी सुटी करायची आणि तिची जनुकं अक्षर न् अक्षर वाचायची, ही त्यांची विद्या. त्या बाराखडीत अक्षरं अवघी चार, पण वाचून संपत नाहीत म्हणे.

"थांबा बाई. पलीकडे टोचायचं नाही."

"का? लस आहे की शिल्लक!"

"लस टोचल्यावर पेशी काय करतात, ते मी वाचतोय. काही लढतात, काही नुसता रोग लक्षात ठेवतात. पण टोचलंच नाही तर त्या काय करतात? तुलना नको?"

"अहो साहेब, लस लागू पडते हे सगळ्या रानाला ठाऊक आहे."

"कोणत्या अक्षरामुळे लागू पडते, ते ठाऊक आहे?"

अक्षर सायाळबाईला ठाऊक नव्हतं. रानाचा राजा गवा, त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने लगेच हुकूम काढला. उरलेली लस कुलपात गेली आणि पलीकडचा काठ 'तुलना गट' म्हणून जाहीर झाला.

पलीकडच्यांना कोण आनंद! त्यांना आजवर कुणी कुठल्याच गटात घेतलं नव्हतं. त्यांनी स्वागताची कमान उभारली, डॉक्टरांना हार घातला आणि रक्त द्यायला रांग लावली.

एक भेकरी तेवढी कमानीखाली गेली नाही. ती ओढा ओलांडून सायाळबाईकडे आली. मागे तिचं पाडस होतं.

"मावशी, एवढ्याला टोच गं."

"हुकूम नाही बाई."

"काल शेजारचा ससा तापला. आज उठत नाहीये."

एकच भरलेला काटा सायाळबाईकडे चुकून राहिला होता. भर दुपार होती, डॉक्टर ढोलीत घोरत होते.

"एकच आहे," ती म्हणाली. "तू की हे?"

"हे काय विचारणं झालं?" भेकरी म्हणाली.

सायाळबाईने पाडसाला टोचलं.

पुढच्या पंधरा दिवसांत पलीकडचा काठ ओस पडला. ससे गेले, चितळं गेली, भेकरी गेली. बाळांनो, मी हसतखेळत सांगतोय खरा, पण मला संताप येतो.

डॉक्टर मात्र रात्रंदिवस वाचत होते. आणि पाडसाकडून घेतलेल्या एका थेंबापाशी अडकले. तुलना गटातल्या पेशींना हा रोग ओळखीचा कसा? चौकशी झाली. सायाळबाईने कबूल केलं.

मोठा दरबार भरला. डॉक्टरांनी अहवाल वाचला. लस उत्तम आहे, असं सिद्ध झालं होतं. टाळ्या पडल्या. ज्याच्यामुळे ती लागू पडते ते अक्षरही सापडलं होतं. कुणाला त्याचा उच्चार जमला नाही, पण टाळ्या पुन्हा पडल्या. मग शेवटचं वाक्य आलं, "तुलना गटातले शंभर टक्के प्राणी दगावले."

"अहो, मग हे काय उभंय तुमच्यासमोर?" सायाळबाई ओरडली.

पाडस पुढे आलं. "अहवालात आईचं नाव आहे?"

"आहे तर! पहिल्याच पानावर," डॉक्टर मायेने म्हणाले.

"आणि माझं?"

"तुझं नाही बाळ. तू बिघडलेला नमुना. तुला वगळलंय."

गव्याने अहवालावर खूर उमटवला. सायाळबाईचे काटे जप्त झाले. पाडस कुठे उभं राहावं ते न कळून तिच्या उघड्या पाठीला टेकलं.

तात्पर्य: दया आली म्हणून कुणाचा जीव वाचवू नये, एक पाडस जगतं आणि अख्खं शास्त्र नासतं. मरणाऱ्यांनी मात्र निर्धास्त असावं. त्यांची नोंद अगदी अचूक ठेवली जाते.