बालाजीभाऊची पाच बोटं

बालाजीभाऊ पाणी पितानासुद्धा उलटे आकडे मोजतो. मस्करी नाही. ग्लास तोंडाशी नेतो, दुसरा पंजा उघडतो. पाच, चार, तीन... पुढचे दोन नुसते बोटांवर. मूठ खाली आली की मग घोट.

आमच्या लातूरच्या केबल चॅनलवर रोज सकाळी सातला थेट कार्यक्रम असतो. भक्तिगीत, हवामान, एखादा डॉक्टर आणि बाजारभाव. बालाजीभाऊ तिथला फ्लोअर मॅनेजर. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून बोटांनी मोजायचं. मूठ पडली की समोरच्यानं बोलायला लागायचं. शेवटचे दोन आकडे तोंडानं म्हणायचे नाहीत, कारण माईक चालू असतो. मी काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये बटणं दाबते. इतकी वर्षं याची मूठ बघतेय. नवऱ्याच्या तोंडाकडे एवढं लक्ष कधी दिलं नाही.

त्याचं एकच पालुपद. "लाईव्ह हाय ताई, मागं येता येत न्हाई." चहात साखर जास्त पडली तरी हेच.

मुरुडला चुलत भावाच्या लग्नात हा मांडवात पुढं उभा. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना सवयीनं हात वर गेला. लोकांना वाटलं, शहरातली नवी पद्धत असेल. मूठ पडली तशा अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या, भटजी अजून 'सावधान'पर्यंत पोचलेच नव्हते! नवरीच्या मामानं याला दंडाला धरून कोपऱ्यात बसवलं. "टायमिंग माझंच बरोबर होतं," हा अजून म्हणतो.

आता रेखा मॅडम. औशाहून पहिल्या एसटीनं येतात आणि बाजारभाव वाचतात. धाकट्या भावंडांची लग्नं लावता लावता यांचं स्वतःचं राहून गेलं. त्या यायच्या आत बालाजीभाऊ त्यांची उभं राहायची जागा आपल्या रुमालानं पुसतो, जमिनीवर चिकटपट्टीची नवी फुली मारतो, थर्मासात गरम पाणी भरून ठेवतो. डॉक्टरला कालचीच फुली, आणि पाणी पाहिजे तर नळ आहे. सहा वर्षं हे चाललंय. अख्ख्या चॅनलला माहीत, बोलायचं तेवढं राहिलं.

आणि गेल्या महिन्यात कळलं, मॅडमना नांदेडच्या चॅनलवर बातम्या वाचायचं काम मिळालं. शनिवारी इथला शेवटचा दिवस. बालाजीभाऊचा चेहरा खर्रकन उतरला. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, इचारतोच. आता मागं येता येत न्हाई."

गुरुवारी कार्यक्रम संपल्यावर गडी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. घसा खाकरला. आणि माझ्या कर्मा, हात वर गेला! पाच, चार, तीन... मूठ पडली. मॅडम ताठ झाल्या. "नमस्कार! आज तुरीची आवक..." सहा वर्षांची सवय हो ती, त्या तरी काय करतील? आणि हा शहाणा तूर, हरभरा, सोयाबीन सगळं ऐकून घेतो, "छान झालं मॅडम" म्हणतो, आणि चालू लागतो. मी काचेवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

"उद्या हात खिशात ठेव, मेल्या!" मी बजावलं.

शुक्रवारी ठेवले. पण मोजल्याशिवाय आवाजच फुटेना. मॅडम बराच वेळ थांबल्या. शेवटी "बस जाईल, बालाजीराव," म्हणून निघाल्या.

शनिवार उजाडला. मॅडमनी शेवटचे भाव वाचले, कार्यक्रम संपला, प्रक्षेपण बंद झालं. फ्लोअरचा माईक तेवढा मी आजही चालू ठेवला. मला काही लाज नाही. बालाजीभाऊचे हात खिशात आणि तोंडाला कुलूप. मॅडमनी पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. याचे खांदे धरून याला सरळ आपल्या फुलीवर नेऊन उभं केलं. स्वतः कॅमेऱ्याशेजारी गेल्या आणि पंजा वर केला.

पाच. चार. तीन. मग नुसती बोटं. मूठ पडली.

"नमस्कार," बालाजीभाऊ म्हणाला. मी पदर तोंडात कोंबला.

"मी घरचं कुलूप काढायच्या आधीबी मोजतो," तो म्हणाला. "आई गेल्यापासून आत कुणी न्हाई, ठावं हाय. तरीबी मोजतो. एकदम दार उघडलं की घर लई रिकामं दिसतं. तुमी त्या घरी याल का?"

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. इतकी वर्षं ज्या मोजण्याची मी टिंगल केली, ते हा दारात एकटा उभा राहून करत होता.

रेखा मॅडमनी डोळे पुसले. आवाज मात्र भाव वाचायचाच, खणखणीत. "मी नोकरी सोडणार न्हाई. कुलूप नांदेडच्या दाराला लागंल. चालंल?"

लातूर सोडून हा माणूस कधी चार दिवस राहिलेला नाही. मी काचेला नाक लावून त्याच्या हाताकडे बघत होते.

"चालंल," बालाजीभाऊ म्हणाला. हात खिशातच होते.