राजनची टर्की आणि शेवटचा गुरुवार

आखातातल्या शुऐबाच्या कारखान्यात अख्खं युनिट बंद करून पुन्हा चालू करणारा माणूस राजन, त्याला एक पक्षी भाजणं काय जड! सत्त्याण्णवच्या नाताळला त्याने चार मित्रांना सहकुटुंब जेवायला बोलावलं आणि जाहीर केलं, टर्की मी करणार, एकटा. खरं कारण होतं सलील. गेल्या वर्षी राजनचा पुलाव खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. ती गोष्ट सलील प्रत्येक पार्टीत तिखटमीठ लावून सांगायचा. त्याचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं.

फहाहीलच्या सुपरमार्केटात राजनने फ्रीझरमधली एकूण एक टर्की उचलून पाहिली आणि नऊ किलोची पसंत केली. मला बघायला आले तेव्हाही एवढी चौकशी केली नव्हती, असं त्याची बायको उल्का सांगते. मग फ्रिजवर तक्ता लागला. एकवीसपासून बर्फ उतरवायचा, चोवीसला मसाला, पंचवीसला दुपारी दोनला ओव्हन. तारखा, तास, तापमान, सगळं होतं. वार तेवढा नव्हता.

"अहो, पंचवीसला..." उल्काने सुरुवात केली.

"युनिट चालू होत असताना ऑपरेटरशी बोलायचं नसतं," राजन म्हणाला.

असं तीनदा झालं. मग ती जाऊन नारळ आणि पाच फळं घेऊन आली.

पंचवीसला टर्की घरच्या ओव्हनमध्ये शिरेचना. वरच्या मजल्यावर रत्नागिरीचा नझीर राहायचा, त्याच्याकडे मोठा ओव्हन होता. राजनने टर्की तिकडे नेली आणि पाच तास ओव्हनसमोर स्टूल टाकून बसला. नझीरच्या बायकोला, झुलेखाभाभींना, त्याने त्यांच्याच स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.

सात वाजता पाहुणे वर जमले. टर्की आली ती सोन्यासारखी. सलील उठून उभाच राहिला आणि जन्मात पहिल्यांदा पुलावाचं नाव न काढता त्याने ताट पुढे केलं. राजनने सुरी उचलली आणि विचारलं, तंगडी कोणाला?

"कोणालाच नाही," सलीलची बायको शलाका शांतपणे म्हणाली. "आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सगळ्यांच्या घरी लक्ष्मी मांडलीय. सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत नवऱ्यांनीही शिवायचं नाही."

राजनने उल्काकडे पाहिलं.

"तीनदा सांगायला आले होते," ती म्हणाली. "तुमचं युनिट चालू होत होतं."

बायकांचं फोनवर आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. खाली वरणभात, भरली वांगी आणि खीर तयार होती. टर्की वरच ठेवून सगळे खाली उतरले, राजनसुद्धा. जिन्यात सलीलने एक लांब श्वास घेतला आणि कबूल केलं की वास तरी झकास आहे, सकाळी येतोच.

शुक्रवारी आठ वाजता तो ओल्या केसांनी, कपाळावर कुंकू घेऊन दारात हजर. दोघे वर गेले. नझीरने हसतमुखाने दार उघडलं.

"राजनभाऊ, एवढं वाया जाईल म्हणून झुलेखाने आमची रत्नागिरीची मंडळी बोलावली. चौदा जण आले. काय झाली होती म्हणून सांगू! हाडसुद्धा शिल्लक नाही."

राजनची छाती अभिमानाने फुगली. ती आजही फुगलेली आहे. दर पार्टीत तो टर्कीची गोष्ट रंगवून सांगतो. मात्र चव कशी होती असं कोणी विचारलं, की नझीरला फोन लावून देतो, आणि तो लागेपर्यंत सलील पुलावावर आलेला असतो.